‘होतं तसं’ म्हणजे नेमकं कधीसारखं? केशवराव भोसले नाट्यगृहाची शंभर वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या घरचा आहे, म्हणून सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती. ज्या माणसाच्या नावाचं थिएटर, त्याच्या जयंतीच्या सकाळी कोल्हापूरचे रंगकर्मी हार घेऊन जायचे ते राखेसमोर जाऊन उभे राहिले. छप्पर खाली आलेलं, रंगमंच गेलेला, खुर्च्यांचे नुसते सांगाडे. दगडी भिंती तेवढ्या बऱ्याचशा उभ्या होत्या. साठी ओलांडलेली माणसं लहान पोरासारखी रडत होती.

पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. नेते आले, पाहणी झाली, चौकशी लागली, निधी जाहीर झाला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं, ‘नाट्यगृह होतं तसं उभं करू.’

वाक्य चांगलं आहे. माझीही इच्छा तीच आहे. पण या वाक्यावर माझा एक साधा प्रश्न आहे. होतं तसं म्हणजे कधीसारखं? १९१५ सालासारखं, १९५७ सालासारखं, का आग लागायच्या आदल्या दिवशीसारखं? कारण ही तीन वेगवेगळी थिएटरं आहेत.

पहिल्यापासून बघूया.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. जाता-येता युरोप पाहिला. तिथले आखाडे, तिथली थिएटरं पाहिली. त्याच वर्षी २६ जुलैला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला, हे लक्षात ठेवा. माणूस एकच होता. नोकरी, शाळा, वसतिगृह, कुस्ती, गाणं, नाटक ही त्याच्या डोक्यात वेगवेगळी खाती नव्हती.

परत आल्यावर आधी खासबागेत कुस्तीचं मैदान झालं. मग त्याच्या अंगालाच लागून १९१३ साली थिएटरचं काम सुरू झालं आणि १९१५ साली ते उभं राहिलं. नाव पॅलेस थिएटर. त्या काळी नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या आणि बऱ्याच ठिकाणी कापडी नाहीतर पत्र्याच्या मांडवात खेळ करायच्या. अशा काळात दगडी, कायमचं, आत मध्ये एकही खांब नसलेलं नाट्यगृह बांधणं ही साधी गोष्ट नव्हती. खांब नाही म्हणजे मागच्या रांगेत बसलेल्यालाही पुढच्यासारखंच सगळं दिसणार.

आणि ऐकू येणार. माइक नव्हता हो तेव्हा! नटाने पद घ्यायचं ते स्वतःच्या छातीच्या जोरावर आणि ते शेवटच्या माणसापर्यंत जायचं. रंगमंचाखाली खोल खड्डा आणि त्यात पाणी, त्यामुळे आवाज घुमतो, असं आपल्याकडचे जुने रंगकर्मी सांगत आले. खड्डा, लाकडी फळ्या, दगडी भिंती, छपराची उंची या सगळ्याचा मिळून तो आवाज तयार झाला होता. या नाट्यगृहात ज्यांनी कधी माइक न लावता एक वाक्य म्हणून पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर शेजारी-शेजारी का? मला वाटतं, यातच महाराजांचा विचार दिसतो. लाल मातीला येणारा प्रेक्षक आणि नाट्यपदाला येणारा प्रेक्षक हे दोन वेगळे लोक आहेत, हे त्यांनी मानलंच नाही. कोल्हापूरचा माणूस आजही दुपारी कुस्तीचा फड बघतो आणि रात्री नाटकाला जाऊन बसतो. ही सवय आपल्याला लावलेली आहे.

नुसती इमारत बांधून महाराज थांबले नाहीत. त्या काळात कोल्हापुरात कोण होतं ते बघा. दरबारात गायक म्हणून उस्ताद अल्लादियाखाँसाहेब. पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू. यांच्या पडद्यांना नाटक कंपन्यांत मान होता, आणि याच बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. जिल्ह्यातल्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे पेटी वाजवणारे, चाली बांधणारे. आणि नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या मुलाला कानाचा त्रास आहे म्हटल्यावर महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला धाडलं. तोच मुलगा १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेला. त्याला आपण बालगंधर्व म्हणतो. म्हणजे नुसतं थिएटर नाही, थिएटरला लागणारी माणसंसुद्धा इथे सांभाळली जात होती.

आता केशवराव.

जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. घरची गरिबी. लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. देवलांच्या ‘संगीत शारदा’मधली शारदा या पोराने अशी उभी केली की लोक त्याच्या आवाजासाठी तिकीट काढायला लागले. शाळा फारशी नाही. जे शिकले ते कंपनीत आणि गुरूंकडून शिकले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ललितकलादर्श. तेव्हा वय होतं सतरा! आज त्या वयाचं पोरगं बारावीला असतं.

केशवरावांनी कंपनी नुसत्या जुन्या नाटकांवर चालवली नाही. मामा वरेरकरांची नाटकं घेतली. ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचं नाटक त्यांनी रंगमंचावर आणलं. त्या काळात घरातल्या दुखण्यावर बोट ठेवणारं नाटक करणं म्हणजे गल्ला बुडायचा धोका होता. तो त्यांनी घेतला.

आणि मग ८ जुलै १९२१. मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे मालक, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर. मराठी रंगभूमीवर या प्रयोगाच्या गोष्टी अजून सांगतात. कोल्हापूरकरांनी मात्र त्यातली एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. धैर्यधर कोल्हापूरचा, भामिनीला तिच्या लहानपणी मदतीचा हात दिलेला कोल्हापूरच्या राजाने आणि नाटकाच्या चाली सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांच्या. प्रयोग मुंबईत झाला, पण त्याची शिदोरी इथून गेली होती.

त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या वर्षी ६ मे १९२२ ला महाराजही गेले. सात-आठ महिन्यांत कोल्हापूरच्या रंगभूमीचे दोन आधार गेले.

पण थिएटर राहिलं.

आता १९५७. संस्थान विलीन झालेलं, राजे गेलेले, नगरपालिका आलेली. थिएटरची डागडुजी झाली आणि नाव बदललं. पॅलेस थिएटरचं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ही गोष्ट आपण दोन ओळीत सांगून सोडून देतो, पण मला ती फार मोठी वाटते. ‘पॅलेस’ म्हणजे राजवाडा. त्या जागी आलं ते एका गरीब घरातल्या, पोरपणी कंपनीत लुगडं नेसून उभ्या राहिलेल्या नटाचं नाव. राजाने बांधलेल्या घरावर गावाने कलाकाराची पाटी लावली. मला खात्री आहे, महाराज असते तर त्यांनी स्वतः ती पाटी लावली असती.

तिसरं थिएटर आपलं. आपण पाहिलेलं, वापरलेलं. शाळेचं गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, व्याख्यान, सत्कार, मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं आणि थंडी पडायला लागली की राज्य नाट्य स्पर्धा. मी स्वतः तिथे अभिनय कमी आणि हमाली जास्त केली. दुपारी टेम्पोतून सेट उतरवायचा, संध्याकाळी लावायचा, रात्री प्रयोग झाला की पुन्हा काढायचा, कारण उद्या दुसऱ्या संस्थेचा प्रयोग. दिवसभर पोटात मिसळ आणि चहा. पहिल्यांदा विंगेत उभा राहिलो तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या काकांनी सांगितलं, ‘चप्पल बाहेर काढ रे. इथं कोण कोण उभं राहिलंय तुला ठाऊक नाही.’ आमच्यापैकी बहुतेकांना नाटकाने एक रुपया दिला नाही. पण दिवसा बँकेत, शाळेत, फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला रात्री त्या रंगमंचावर राजा होता येत होतं.

तर ‘होतं तसं’ म्हणताना या तिन्हीपैकी काय उभं करायचं?

इटलीतल्या व्हेनिसमधल्या एका थिएटरची गोष्ट सांगतो. ला फेनिचे हे त्याचं नाव. फेनिचे म्हणजे राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी. १७९२ साली सुरू झालं, १८३६ साली जळालं, पुन्हा बांधलं. २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा जळालं. ते जळीत अपघात नव्हतं. तिथे कामाला असलेल्या दोन इलेक्ट्रिशियनना पुढे शिक्षा झाली. तिथेही लोकांनी हीच मागणी धरली की होतं तिथं आणि होतं तसंच बांधा. बांधायला आणि दारं उघडायला डिसेंबर २००३ उजाडलं. जवळजवळ आठ वर्षं.

जुनं रूप परत आणायचं तर ते कसं होतं हे आधी माहीत पाहिजे. व्हेनिसवाल्यांनी नकाशे, फोटो सगळं गोळा केलं. १९५४ सालच्या एका सिनेमाची सुरुवात त्या थिएटरमध्ये चित्रित झाली होती, त्या दृश्यांचासुद्धा उपयोग करून घेतला. म्हणजे ‘होतं तसं’ ही नुसती घोषणा नाही, ते मोजमापाचं काम आहे.

आपल्याकडे चौकशीतून कारण काय निघायचं ते निघेल, त्यावर मी इथे तर्क करणार नाही. पण नागरिक म्हणून काही गोष्टी आपण आत्ताच विचारल्या पाहिजेत. बांधकाम झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पहिली गोष्ट, आवाज. खुर्च्या, एसी, लाइट हे पैसे टाकले की येतं. माइकशिवाय शेवटच्या रांगेत जाणारा आवाज असा विकत मिळत नाही. ध्वनिशास्त्र जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून कामावर पाहिजे आणि त्याच्या शेजारी इथल्या रंगमंचावर तीस-चाळीस वर्षं उभं राहिलेली माणसं पाहिजेत.

दुसरी, आग. नाट्यगृह म्हणजे लाकूड, कापड, रंग, दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये वायर. जगात थिएटरं का जळतात याचं यात गूढ काही नाही. त्यामुळे यंत्रणा बसवली की संपलं असं नाही. ती दर वर्षी तपासली जाते का, तपासणीचा कागद लोकांना बघायला मिळतो का, आणि रात्री प्रयोग नसतानाही तिथे शिकवलेला माणूस असतो का, हे विचारलं पाहिजे. उद्घाटनाचा निधी एकदा येतो. देखभालीचे पैसे दर वर्षीच्या अंदाजपत्रकात लागतात, आणि त्या कामाचे फोटो कुणी पेपरात छापत नाही.

तिसरी, भाडं. चकाचक नाट्यगृह झालं आणि हौशी संस्थेला ते परवडेना, तर मग महाराजांनी बांधलेलं ते हे नव्हे. मागच्या रांगेलाही सारखंच दिसावं म्हणून ज्याने खांब काढले, त्याच्या थिएटरात पैशाचा खांब मध्ये येऊ नये.

चौथी गोष्ट मात्र सरकारची नाही, महापालिकेचीही नाही. ती आपली आहे.

घरातले जुने अल्बम काढा. गॅदरिंगचे, स्पर्धेचे, सत्काराचे, बक्षीस समारंभाचे फोटो बघा. फोटोत आपलं पोर नाचत असेल, पण त्याच्या मागे रंगमंचाची कमान असेल, बाल्कनीचा कठडा असेल, छताचा एक कोपरा असेल. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने काढलेली एखादी कॅसेट माळ्यावर पडली असेल. जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग असेल तर त्यात त्या सभागृहाचा आवाज आहे. फोटोच्या मागे साल आणि प्रसंग लिहा, मोबाईलवर नीट कॉपी काढा, मूळ फोटो कुणाला देऊन टाकू नका. आपापल्या संस्थेत, तालमीत, कॉलेजच्या ग्रुपवर हे सांगा. गोळा झालं की आपण सगळे मिळून ते बांधकाम करणाऱ्यांपुढे ठेवू.

घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांनाही विचारा. कुणाच्या आजीने पॅलेस थिएटर हे नाव असताना तिथे नाटक पाहिलं असेल. कुठे बसली होती, बायकांना बसायला कुठे जागा होती, पडदा कसला होता, हे लिहून घ्या. ही माणसं थांबणार नाहीत, बांधकाम कितीही वर्षं चालू दे.

माझ्याकडे तीन फोटो निघाले. एकात आमचा सेट आहे, वाकडा लागलेला. त्याच्या मागे जुनी भिंत स्पष्ट दिसते. तुमच्याकडे काय आहे, ते खाली लिहा.