क्रीतानुशय : वापरलेल्या वस्तूची परतफेड आणि बीड प्रांतातील व्यवहारधर्म

जुनी वस्तू विकली, पैसे हाती आले, आणि काही दिवसांनी घेणाऱ्याने ती परत घेण्याची मागणी केली, तर विकणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न हल्ली आंतरजालावरून विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या लॅपटॉपच्या संबंधात वरचेवर उपस्थित होतो. अंबाजोगाईचा विद्यार्थी आपला तीन वर्षे वापरलेला लॅपटॉप छायाचित्रावरून पुण्याच्या ग्राहकास विकतो. घेणाऱ्याने तो हाताळलेला नसतो, विकणाऱ्याने घेणाऱ्यास पाहिलेले नसते. प्रश्न नवा दिसतो खरा, परंतु त्याचे मूळ स्वरूप फार जुने आहे. ज्या भूप्रदेशात आजचा बीड जिल्हा येतो तेथे या प्रश्नाला निरनिराळ्या काळी तीन परस्परभिन्न उत्तरे दिली गेली. ती एकामागून एक तपासली असता आजच्या कायद्यात नेमके काय शिल्लक राहिले व काय गळाले, हे स्पष्ट होते.

पहिले उत्तर धर्मशास्त्राचे. व्यवहाराच्या अठरा पदांमध्ये 'क्रीतानुशय' असे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. वस्तू सदोष असो वा नसो, विकत घेतल्यावर घेणाऱ्याचे मन फिरले, तर त्याला काय करता येईल, याचा विचार या पदाखाली केला आहे. म्हणजे शास्त्रकारांनी प्रारंभ केला तो वस्तूच्या दोषापासून नव्हे, तर माणसाच्या मनापासून. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) या पदाची वचने एकत्र केली आहेत. जिज्ञासूंनी ती तेथे पाहावी.

कौटिल्याने परत करण्याची मुदत माणसांवरून ठरविली : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोरक्षकांना पाच. याज्ञवल्क्याने ती वस्तूवरून ठरविली. लोखंडाची परीक्षा एका दिवसात, दुभत्या जनावराची तीन दिवसांत, ओझ्याच्या जनावराची पाच दिवसांत, रत्नांची सातांत, बियाण्याची दहांत. याच यादीत दासीसाठी महिना व दासासाठी पंधरवडा असाही उल्लेख आहे. माणसांची खरेदी-विक्री त्या काळी या व्यवहारात बिनदिक्कत मोडत असे, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. मुदतींमागील तर्क मात्र सरळ आहे. लोखंड पाहताच कळते. गाय दूध किती देते हे दोन-तीन वेळा धार काढल्यावाचून कळत नाही. बियाणे उगवून यावे लागते. दोष जितका उशिरा उघड होणार, तितकी मुदत दीर्घ.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत लिहिली. तो काळ अकराव्या शतकाची अखेर व बाराव्याचा आरंभ. ते कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. बीडपासून ते फार दूर नव्हे, आणि चालुक्यांची व पुढे देवगिरीच्या यादवांची सत्ता या प्रदेशावर होती. यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव तर अंबाजोगाईच्या शिलालेखांतून व देवळातून आजही आढळते. तेव्हा मिताक्षरेचा व्यवहारधर्म या भागाला परका होता असे म्हणता येणार नाही. मात्र येथील बाजारपेठांत तो अक्षरशः पाळला जात होता, असा निष्कर्ष केवळ ग्रंथावरून काढणे धाडसाचे होईल.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतो तो नारद. त्याच्या मते खरेदी चुकली असे वाटल्यास वस्तू त्याच दिवशी, जशीच्या तशी, परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केल्यास मूल्याचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. एवढ्यावर न थांबता तो वापरलेल्या वस्त्राचा वेगळा विचार करतो. अंगावर वापरून मळलेले, जीर्ण झालेले वस्त्र कोणी विकत घेतले, तर ते सदोष निघाले तरी विकणाऱ्याकडे परत जात नाही. जुनी वस्तू जुनी म्हणून घेतली, तिच्या जुनेपणाची तक्रार पुढे करता येत नाही, असा याचा अर्थ. परंतु निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याला हाच नारद मूल्याच्या दुप्पट भरपाई आणि तितकाच दंड सांगतो. जीर्णपणा माफ, लबाडी नाही. या एका भेदात प्रस्तुत विषयाचा अर्धा भाग सामावला आहे.

दुसरे उत्तर हनफी पंथाच्या फिक्हचे. चौदाव्या शतकापासून बीड दिल्लीच्या व पुढे दक्षिणेतील सुलतानांच्या अंमलाखाली आले. महंमद तुघलकाने आपला पडलेला दात बीडजवळ पुरून त्यावर इमारत बांधविली, अशी कथा फिरिश्ता सांगतो. ती कोणी खरी मानो वा न मानो, त्या सत्तेचा येथील वावर तीवरून सूचित होतो. हनफी मताचा प्रमाणग्रंथ 'हिदाया' हा बाराव्या शतकात मर्गीनानी याने रचला व चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात घेणाऱ्याच्या परतीच्या हक्कांची मांडणी अगदी निराळ्या पायावर आहे.

न पाहिलेली वस्तू विकत घेणे वैध, पण ती पाहिल्यावर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क. आणि पाहण्यापूर्वी त्याने 'मला पसंत आहे' म्हटले असले तरीही तो हक्क बुडत नाही. छायाचित्रावरून लॅपटॉप घेणाऱ्याचे याहून नेमके वर्णन आढळणे कठीण. याखेरीज आधी शर्त घालून राखलेली मुदत अबू हनीफाच्या मते तीन दिवसांपर्यंतच. त्याच्या दोघा शिष्यांनी ती वाढविण्यास मोकळीक दिली. तिसरा हक्क ऐबाचा. व्यापाऱ्यांच्या रूढीप्रमाणे ज्यामुळे किंमत उतरते तो ऐब. तो आढळल्यास घेणाऱ्याने वस्तू परत करावी किंवा ठरल्या किंमतीत ठेवावी. वस्तूही ठेवायची आणि पैसेही कमी करायचे, हे विकणाऱ्याच्या संमतीवाचून चालत नाही. पण घेणाऱ्याच्या हातात वस्तूला दुसरा नवा ऐब जडला असेल, तर मात्र परतीचा मार्ग बंद होतो आणि जुन्या ऐबामुळे उतरलेल्या किंमतीपुरती भरपाई मिळते. या भरपाईला अरबीत जो शब्द आहे तोच मराठीत 'नुकसान' म्हणून नांदतो आहे. 'ऐब', 'शर्त', 'दलाल' हे शब्दही त्याच घरचे. उलट 'अनुशय' हा शब्द बोलीतून कायमचा गेला. शब्दांवरून व्यवहार सिद्ध होत नाही. तरी बाजाराची भाषा कोणत्या न्यायासनासमोर घडली याची खूण त्यांतून मिळते.

हनफी पंडितांनी वापराचा प्रश्नही बारकाईने सोडविला. ऐब कळल्यानंतर घेणारा आपल्या कामासाठी घोड्यावर बसला, तर त्याने घोडा पसंत केला असे समजायचे. पण विकणाऱ्याकडे परत नेण्यासाठी किंवा पाणी पाजण्यासाठी बसला, तर तसे समजायचे नाही. बॅटरी टिकत नाही हे कळल्यावरही आठवडाभर त्याच लॅपटॉपवर काम उरकून घेणाऱ्या ग्राहकाला हा दाखला सांगण्यासारखा आहे. तसेच 'सर्व ऐबांसह विकतो' असे विकणाऱ्याने आधीच म्हटले असल्यास हनफी मते परतीचा हक्क उरत नाही.

तिसरे उत्तर इंग्रजी परंपरेचे, आणि येथे वारे उलट वाहू लागते. १८७२ च्या करार कायद्यातून वेगळा काढून, इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याच्या धर्तीवर, मालविक्रीचा कायदा १९३० मध्ये झाला. बीड तेव्हा निजामाच्या संस्थानात होते. हा कायदा येथे लागू झाला तो संस्थान विलीन झाल्यानंतर, १ एप्रिल १९५१ पासून. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हा कायदा कायम राहिला. त्याच्या सोळाव्या कलमाचा गाभा असा, की मालाच्या गुणवत्तेची हमी कायदा आपण होऊन देत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला अपवाद आहे, घरचा जुना माल विकणाऱ्याला नाही. पश्चात्तापाला या कायद्यात मुळीच जागा नाही, आणि ठरावीक परीक्षाकालही नाही. माल तपासण्यास वाजवी संधी मिळावी, आणि वाजवी मुदतीत नकार कळविला नाही तर स्वीकार झाला असे मानावे, एवढेच तो सांगतो. याज्ञवल्क्याचे आकडे जाऊन 'वाजवी' हा एक शब्द उरला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल सुधारणेपेक्षा हानीचाच अधिक होता. कारण वाजवी म्हणजे किती, हे ठरविण्यासाठी दोन गरीब माणसांना न्यायालयाची पायरी चढावी लागते.

एक पळवाट मात्र या कायद्याने बुजविली. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, हे पंधरावे कलम धंदेवाईक आणि घरगुती विक्रेत्यांत भेद करीत नाही. इंग्लंडमधील १९६७ चा बील विरुद्ध टेलर हा निवाडा या बाबतीत उद्बोधक आहे. एका खासगी गृहस्थाने आपली हेराल्ड मोटार १९६१ ची म्हणून जाहिरात देऊन विकली. घेणाऱ्याने ती पाहूनच घेतली. पुढे कळले की दोन वेगळ्या गाड्यांचे अर्धे भाग जोडून ती बनविलेली असून पुढचा भाग जुन्या नमुन्याचा होता. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नव्हते. तरीही जाहिरातीतील शब्दांस गाडी उतरत नाही म्हणून न्यायालयाने त्याच्याकडून भरपाई देवविली.

विकणारा मूग गिळून बसला तर काय, हा प्रश्न उरतो. करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याचीच उदाहरणे दिली आहेत : घोड्याचा दोष ठाऊक असून लिलावात नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे, पण घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणत नाही तोवर घोडा निर्दोष समजतो', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात ऊसतोडीच्या हंगामापूर्वी बैल घेणारा शेतकरी नेमके हेच करतो. दात उघडून पाहतो, चालवून पाहतो, आणि शेवटी दलालादेखत विचारतो, 'काही खोड नाही ना?' हा प्रश्न केवळ रीतीचा नसून त्यामागे विकणाऱ्याला बोलते करण्याचा हिशेब असतो. आंतरजालावरील संदेशात हाच प्रश्न लिहून विचारला, तर उत्तर तर उरतेच, मौनही उरते.

अलीकडच्या ग्राहक कायद्याने तराजू पुन्हा घेणाऱ्याकडे झुकविला. २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत घेण्यास, पावतीवर मुदत नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे, आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी तर वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये असे स्पष्टच सांगितले. परंतु त्याच नियमांच्या आरंभी एक परंतुक आहे : नियमित वा पद्धतशीर धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने व्यवहार करणाऱ्या माणसाला हे नियम लागू नाहीत. जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारा बीडमधील दुकानदार त्यांच्या कक्षेत येतो. अंबाजोगाईचा विद्यार्थी येत नाही. त्याच्यापुरते १९३० चेच घड्याळ चालू आहे.

तेव्हा समजा, या विद्यार्थ्याने २२,००० रुपयांस लॅपटॉप विकला, जाहिरातीत 'बॅटरी चार तास चालते' असे लिहिले, आणि नवव्या दिवशी घेणाऱ्याने बॅटरी दीड तासात संपते म्हणून सर्व पैसे मागितले. पडद्यावरचा ओरखडा किंवा झिजलेल्या कळा हा नारदाच्या वस्त्राचा जीर्णपणा होय. छायाचित्रात तो दिसत असेल तर त्यासाठी काही देणे नाही. चार तासांचे वाक्य मात्र वर्णन आहे, आणि ते खोटे ठरले तर विकणाऱ्याने आपल्या प्रामाणिकपणाचा दाखला देऊन सुटका होत नाही. घेणाऱ्याने दोष त्याच दिवशी कळविला की नऊ दिवस वापरून कळविला, हे संदेशांच्या वेळांवरून पाहावे. परत घेण्याचे ठरल्यास यंत्रावरील अनुक्रमांक विक्रीच्या वेळच्या छायाचित्राशी ताडून पाहावा, म्हणजे तीच वस्तू आणि 'जशीच्या तशी' आली याची खात्री होते. पैसे त्यानंतर द्यावे. कुरिअरचा खर्च कोणाचा, हे वस्तू निघण्यापूर्वीच लिहून ठरवावे.

आणि मधल्या काळात घेणाऱ्याच्या हातून बिजागरी मोडली असेल, तर सगळी रक्कम परत करण्याचा प्रश्न उरत नाही. बॅटरीपुरती किंमत उतरवून तेवढे पैसे द्यावे. मर्गीनानीने नवा ऐब जडलेल्या मालाला हीच वाट सांगितली होती, आणि १९३० च्या कायद्याचे एकोणसाठावे कलमही हमीभंगाबद्दल किंमतीत वजावट मागण्याची वाट घेणाऱ्याला मोकळी ठेवते.