काशुबिया : भूरूप, अस्मिता आणि काळा ग्रिफिन

पोलंडच्या उत्तरेस, ग्दान्स्क शहराच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला पसरलेला काशुबिया हा प्रदेश राजकीय इतिहासाच्या दृष्टीने एक कोडेच आहे. त्याच्या निश्चित सीमा कोणत्याही काळच्या नकाशावर सापडत नाहीत. त्याचे स्वतंत्र राज्य कधी टिकून राहिले नाही. असे असूनही त्याला स्वतःचे कुलचिन्ह आहे : सोनेरी ढालीवर मुकुटधारी काळा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे मस्तक व पंख आणि सिंहाचे धड असलेला काल्पनिक प्राणी. भूमीवाचून चिन्ह कसे निर्माण झाले आणि पुढे त्या चिन्हाला लोक कसे मिळाले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

प्रथम भूमीचा विचार करणे इष्ट ठरेल. हिमयुगातील हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गाळ-गोट्यांच्या टेकड्या, त्यांमधील लांबट सरोवरे आणि वालुकामय माती असे येथील भूरूप आहे. विएझित्सा ही टेकडी सुमारे ३२९ मीटर उंच असून आसपासच्या सखल प्रदेशात ती पर्वतासारखी भासते. पर्यटकांनी या भागाला ‘काशुबी स्वित्झर्लंड’ म्हटले, पण राय आणि बटाटा यांवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याला त्या नावाचा विशेष उपयोग नव्हता. निकस जमीन आणि विखुरलेल्या वस्त्या यांमुळे बाहेरच्यांची दाट वसाहत येथे झाली नाही, आणि पश्चिम पोमेरानियात लुप्त झालेली स्लाव बोली येथे तग धरून राहिली, असे मानण्यास जागा आहे.

चिन्हाचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेचा आहे. काशुबियाच्या ड्यूकचा उल्लेख १९ मार्च १२३८ रोजीच्या पोप नववा ग्रेगरी याच्या पत्रात येतो. पण हा किताब ग्दान्स्कच्या नव्हे, तर पश्चिम पोमेरानियातील ग्रिफिन घराण्याचा होता. आजचे काशुब ज्या भूमीत राहतात तेथे १२९४ पर्यंत साम्बोर घराण्याची सत्ता होती. एका घराण्याकडे अनेक किताब असले की प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह दाखवावे लागे. प्राणी तोच ठेवून रंग बदलणे हा त्यावरील सोपा उपाय. पोमेरानियाचा ग्रिफिन रुपेरी भूमीवर लाल राहिला, काशुबियाचा सोनेरी भूमीवर काळा झाला. १६३७ मध्ये चौदावा बोगुस्लाव निपुत्रिक वारला व घराणे संपले. किताब आणि चिन्हे ब्रांडेनबुर्गच्या होहेनझोलर्न घराण्याकडे गेली. प्रशियाच्या राजांच्या मोठ्या राजचिन्हात काशुबियासाठी एक स्वतंत्र खण राखलेला होता. म्हणजे ज्या राजसत्तेने १७७२ च्या पहिल्या फाळणीत काशुबांची भूमी पोलंडकडून घेतली आणि पुढे त्यांच्या शाळांतून जर्मन भाषा लादली, तिनेच त्यांचे चिन्ह जपून ठेवले होते.

या चिन्हाला लोक मिळाले ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत. फ्लोरिआन त्सेनोवा (१८१७–१८८१) यांनी काशुबी ही पोलिशची बोली नसून स्वतंत्र स्लाव भाषा आहे, असे प्रतिपादन केले. उलट हिएरोनिम देर्दोव्स्की (१८५२–१९०२) यांनी काशुबिया व पोलंड यांचे नाते अतूट मानले. हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या अलेक्सांदेर मायकोव्स्की यांनी १९०८ मध्ये नियतकालिक काढले, त्याचे नावच ‘ग्रिफ’ होते. राजदरबाराच्या ढालीवरील प्राणी असा छापखान्यात आणि तेथून लोकांच्या घरी आला. याच सुमारास व्दझिद्झे येथे तेओदोरा व इझिदोर गुल्गोव्स्की या दांपत्याने १९०६ मध्ये खुले लोकसंग्रहालय उभारले. तेओदोरा यांनी मठांतील जुन्या भरतकामावरून घडविलेल्या नमुन्यांतील निळ्या छटांना पुढे आकाश, सरोवर व समुद्र असे अर्थ चिकटले. परंपरा येथे सापडली तितकीच रचलीही गेली. तरी तिला खोटी म्हणणे अन्यायाचे होईल.

या अस्मितेची किंमत १९३९ मध्ये मोजावी लागली. वेयहेरोवोजवळील प्यास्नित्सा अरण्यात नाझींनी हजारो लोकांची हत्या केली. त्यांत काशुबियातील शिक्षक, धर्मगुरू व कार्यकर्ते होते. दुसरीकडे अनेक काशुबांची नावे जर्मन लोकयादीत घालून त्यांना सैन्यात भरती करण्यात आले, आणि १९४५ नंतर नव्या राजवटीने त्याच कारणास्तव त्यांच्याकडे संशयाने पाहिले. १९५६ मध्ये संघटना उभी करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे ग्रिफिन पुन्हा उघडपणे दिसू लागला.

२००५ च्या कायद्याने काशुबीला प्रादेशिक भाषेचा दर्जा दिला, पण काशुबांना वांशिक अल्पसंख्य मानले नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ३२ हजारांनी स्वतःला काशुब म्हणवले, मात्र घरी ही भाषा बोलणारे सुमारे १ लाख ८ हजारच होते. दरम्यान १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पोमोर्स्के प्रांताने सोनेरी भूमीवरील काळा ग्रिफिनच स्वीकारला. त्यामुळे त्याच प्रांतातील कोच्येव्ये आणि माल्बोर्क या भागांच्या रहिवाशांनाही काशुबांचा प्राणी आपल्या शासकीय कागदांवर पाहावा लागतो.