भाव वाढला म्हणजे काय झाले?

"पूर्वी सगळे स्वस्त होते," हे वाक्य पारावर, फडावर, दिंडीच्या विसाव्यात हमखास ऐकू येते. ऐकणाराही मान डोलावतो. पण माउली, स्वस्त होते हे खरे धरले तरी हातात पैसा किती होता? आणि मुळात किती गोष्टी पैसे देऊन घ्याव्या लागत होत्या?

आमच्या कोळवण खोऱ्यात माझ्या बालपणी दुकानातून येणाऱ्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मीठ, रॉकेल, चहापत्ती, गूळ, काडेपेटी आणि वर्षाकाठी कापड. भात घरचा, नाचणी-वरई डोंगरउतारावरची, दूध गोठ्यातले. लोहार, सुतार, न्हावी, कुंभार यांना खळ्यावर बलुते मिळे. त्या रीतीत मान सर्वांना सारखा नव्हता आणि काहींच्या वाट्याला अपमानच अधिक आला. म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पैसा फिरत नव्हता, एवढेच सांगायचे आहे.

धान्य तेव्हा तोलत नसत, मापत. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. पुढे दोन, तीन. माप शिगेपर्यंत भरले की हाताने सपाट केले, यावरून माणसाची पारख होई.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. तोवर रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन; म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, पण चार आणे म्हणजे २५. चार वेळा एकेक आण्याचा माल घेतला तर २४ आणि एकदम घेतला तर २५! म्हाताऱ्यांना हे कोडे काही सुटेना. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. पुढे ३० जून २०११ नंतर पावलीही चलनातून गेली. नाणी गेली, पण बोली राहिली. खऱ्या गोष्टीला आपण अजून 'सोळा आणे खरी' म्हणतो.

पै गेली, पण वारकऱ्याने ती विसरू नये. शांतिब्रह्म एकनाथ महाराज देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत. एका रात्री एका पैची चूक लागेना. पहाटेपर्यंत जागून ती सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! कीर्तनातून ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. रात्र जागावी इतके पैला मोल होते. आज खिशातला फोन समोर धरला की पैसे जातात. हाताला नोट लागत नाही, म्हणून खर्चही जाणवत नाही. सोय झाली, ती नाकारू नये. पण चूक शोधायला रात्र जागणारा आता कोण?

आता मुख्य मुद्दा. तांदळाचा भाव वाढला, तशी मजुरीही वाढली. हे गणित कमीअधिक जुळत राहते. खरा बदल निराळा आहे. ज्याला भाव नव्हता त्याला भाव आला. वाटसरूला पाणी विचारणे हा धर्म होता. आता पाणी बाटलीतून विकत मिळते. जमीन ही आई. आता मुळशीत तिचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. ज्या घराचा आंबेमोहोर शिजला की वास आळीभर जाई, त्या घरात जमीन विकल्यावर तांदळाची पिशवी दुकानातून येते. वारीत पूर्वी शिधा पाठीवर असे. आता दिंडीची भिशी भरावी लागते.

आणि कीर्तन? पूर्वी नारळ आणि यथाशक्ति बिदागी असे. आता काही ठिकाणी तारीख देण्याआधी आकडा ठरतो. येथे शंका येते की, प्रवासखर्च आहे, मृदंगवादकाला संसार आहे, मग घेऊ नये का? शंका रास्त आहे. प्रवासखर्च घ्यावा, साथीदाराला उपाशी ठेवू नये. पण कीर्तनावर पैसे घेण्याचा तुकोबारायांनी कठोर निषेध केला आहे, हे विसरून चालणार नाही. ते स्वतः वाण्याचा व्यवसाय करणारे. भाव म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. दुष्काळात त्यांनी घर उद्ध्वस्त होताना पाहिले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. बाजार कळलेल्या माणसानेच बाजाराची हद्द आखून दिली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीही तेच केले. दुष्काळात धान्याचा भाव सर्वांत चढा असतो, त्याच वेळी त्यांनी कोठार उघडले.

म्हणून दोन्ही संतांचे धडे एकत्र घ्यावेत. आपल्याकडून द्यायचे असेल तेथे नाथांसारखी पै-पै शोधावी. दुसऱ्याकडून यायचे असेल तेथे तुकोबांसारखा हात सैल सोडावा. आणि घरातल्या दोन-तीन गोष्टी तरी बिनभावाच्या ठेवाव्यात. दारी आलेल्याला पाणी, भुकेल्याला भाकर आणि मुखात नाम. मराठीत बाजारातल्या किमतीलाही 'भाव' म्हणतात आणि अंतःकरणातल्या ओढीलाही. पहिला भाव चढणारच; तो आपल्या हाती नाही. दुसरा उतरू न देणे मात्र आपल्याच हाती आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥