हिरणफाळ : खळाळ कुठल्या नोंदीत सापडतो?

धरणगावचा माणूस नर्मदेवर का लिहितोय, असं मित्र विचारतात. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचं ठाणं धरणगावला होतं आणि १८८० च्या गॅझेटिअरमधला खानदेश अक्राणीच्या बाजूने थेट नर्मदेला भिडतो.

त्या हद्दीच्या वरच्या अंगाला, बडवानीच्या खाली, हिरणफाळ आहे. पात्र इतकं अरुंद, की हरीण उडी मारून पलीकडे जाईल, म्हणून हे नाव. विज्ञान साधं आहे : तेवढंच पाणी अरुंद, खडकाळ वाटेतून जायचं तर वेग वाढणारच. त्यातूनच खळाळ तयार होतो.

आता नोंदी बघू. इंग्रज अधिकाऱ्यांना खळाळ दिसला तो नावेच्या वाटेतला अडथळा म्हणून. पुढे १९७९ चा नर्मदा लवादाचा निवाडा आला. त्यात नदी म्हणजे पाण्याचे वाटे आणि धरणाची उंची. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. फुगवटा बडवानीच्याही वर गेला, उतार संपला, खळाळ बुडाला.

मग संरक्षण नव्हतं का? होतं की! खाली गुजरातेत, नर्मदेच्या दक्षिणेला, १९८२ मध्ये अस्वलांसाठी डुमखल अभयारण्य झालं. १९८९ मध्ये ते वाढवून त्याला शूलपाणेश्वर नाव दिलं. पण त्याचा आधार असलेला १९७२ चा कायदा वन्यजीव आणि त्यांचा अधिवास राखतो. अमेरिकेने १९६८ मध्ये मुक्त वाहणाऱ्या नद्यांसाठीच वेगळा कायदा केला. आपल्याकडे 'वाहणं' राखायला असा स्वतंत्र वर्गच नाही. म्हणून एकाच नदीवर काठचं जंगल अभयारण्य ठरतं आणि प्रवाह जलाशय होतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट धरून ठेवावी. कागद खोटं बोलत नाही, पण तो ज्या कामासाठी लिहिला तेवढंच सांगतो. नावेसाठी लिहिलेला कागद अडथळा सांगेल, धरणासाठी लिहिलेला पातळी सांगेल. हिरणफाळ काय होती, हे मात्र तिच्या नावातच जास्त उरलंय. म्हणून स्थळनावंसुद्धा साधन म्हणून नोंदवा. आणि काठावरून उठून पुनर्वसनाच्या गावांत गेलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. गॅझेटिअर थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत.