नळीचे तुकडे आणि संगणकाचे शेल

१९६४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅक्इलरॉय यांनी एका टिपणात इच्छा नोंदवली होती: बागेतील नळीला गरजेप्रमाणे आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅमही एकमेकांना जोडता यावेत. १९७३ च्या आरंभी केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला आणि एका प्रोग्रॅमचे फलित थेट दुसऱ्याकडे वाहू लागले.

तेवढ्याने भागणार नव्हते. ‘सॉर्ट’सारख्या प्रोग्रॅमना तोवर फाइलचे नाव द्यावेच लागे, नाव नसल्यास पाइपमधून येणारा मजकूर वाचावा, असे बदल त्यांत करावे लागले. साधा मजकूर घ्यायचा आणि साधा मजकूरच द्यायचा, हा संकेत रुजला, तेव्हा कोणताही प्रोग्रॅम कोणाशीही जोडता येऊ लागला.

त्याचे बळ १९८६ मध्ये दिसले. मजकुरातील सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्यासाठी डोनाल्ड क्नुथ यांनी अनेक पानांचा, अत्यंत कुशल प्रोग्रॅम लिहिला. परीक्षक मॅक्इलरॉय यांनी त्याची वाखाणणी केली. मात्र तेच काम शेलमधील सहा आज्ञांच्या साखळीने करून दाखवले. त्यातील प्रत्येक कडी वेगळी चालवून तपासता येते आणि उद्या दुसऱ्या कामालाही लावता येते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘परम प्रवेग’ महासंगणकावर आजचे संशोधक लिनक्सच्या शेलमधूनच गणने सोपवतात. निष्कर्ष चुकला, तर दोष नेमक्या कोणत्या कडीत आहे हे शोधण्याची सोय त्यांना याच जुन्या संकेताने दिली आहे.