शैक्षणिक मार्गदर्शन, महाविद्यालयीन

आपली कुवत, अभिरुची व जीवनविषयक उद्दिष्टे यांना अनुसरून विषयांची निवड व अभ्यासाची आखणी करता यावी, यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यास अध्यापकाकडून वा प्रशिक्षित सल्लागाराकडून मिळणारे साहाय्य. व्यवसाय-मार्गदर्शन व समुपदेशन यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

या पद्धतीचा विकास मुख्यत्वे अमेरिकेत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुतेक महाविद्यालयांत ग्रीक, लॅटिन, गणित इ. विषयांचा ठराविक अभ्यासक्रम सक्तीचा असे. निवडीलाच वाव नसल्याने सल्ल्याची गरजही फारशी भासत नसे. चार्ल्स विल्यम एलियट यांनी हार्व्हर्डच्या अध्यक्षपदाच्या काळात (१८६९–१९०९) वैकल्पिक विषयांची पद्धती विस्तारली आणि परिस्थिती पालटली. मिळालेल्या स्वातंत्र्याचा उपयोग करून अनेक विद्यार्थी सोपे अथवा परस्परांशी संबंध नसलेले विषय घेऊ लागले. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॅन्येल कॉइट गिलमन यांनी अध्यापक-सल्लागारांची योजना आखली. हार्व्हर्डनेही १८८९ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार मंडळ नेमले. तथापि अशा योजनांत सल्लागाराचे काम पुष्कळदा विषयपत्रिकेवर सही करण्यापुरतेच उरे. एलियट यांचे उत्तराधिकारी ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी एका विषयाचा सखोल व इतर विषयांचा विखुरलेला अभ्यास असे बंधन घालून निवडीस शिस्त लावली.

१९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन व टेरी ओबॅनियन यांनी स्वतंत्र लेखांद्वारे या कार्याची पुनर्मांडणी केली. ओबॅनियन यांच्या मते जीवनोद्दिष्टे, व्यवसायोद्दिष्टे, शिक्षणक्रम, विषय व वेळापत्रक या क्रमाने विचार व्हावा. व्यवहारात मात्र प्रारंभ बहुधा वेळापत्रकापासूनच होतो. या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली.

भारतात १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. संलग्न महाविद्यालयांतील अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवी. त्यामुळे शाखेची निवड प्रवेशाच्या वेळी झाली, की पुढे निर्णयास फारसे स्थान नसे. निवडाधारित श्रेयांक पद्धती व राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) यांमुळे येथेही निवडीचे क्षेत्र विस्तारले आहे. सुशिक्षित घरातील विद्यार्थ्यास आवश्यक सल्ला बहुधा घरीच मिळतो. ज्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात आहे, त्याला तो महाविद्यालयातच मिळणे आवश्यक असते. अन्यथा निवडीचे स्वातंत्र्य त्याच्यापुरते नाममात्र ठरते.