भोपळा आधी, दांडी मग

मुलाला आर्किटेक्चरला घालावं का, हे विचारायला येणारे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: डिझाइन कॉम्प्युटरच करणार असेल, तर आर्किटेक्ट हवा कशाला? त्याला जोडून दुसरं मत येतं. कॉम्प्युटेशनल डिझाइन म्हणजे मोठ्या शहरांतल्या वळणदार काचेच्या इमारती, मिरजेत राहून त्याचा काय उपयोग? व्यवसायातली जाणती माणसंही असंच बोलतात. मला ही दोन्ही मतं मुळातच चुकीची वाटतात, कारण संगणकाने काढून दिलेलं चित्र म्हणजेच ही पद्धत, असं दोन्हींत गृहीत धरलेलं आहे.

पूर्वपक्षात खरं आहे ते आधी मान्य करतो. नुसत्या ड्राफ्टिंगवर पोट भरण्याचे दिवस सरत चालले आहेत. राज्यातल्या अनेक महापालिकांत तर बांधकामाचे नकाशे नियमांत बसतात की नाही, हे पुण्यात तयार झालेल्या ऑटोडीसीआरसारखी संगणकप्रणाली तपासते. ‘पॅरामेट्रिक’ म्हणत कारण नसताना भिंती वाकवणारेही आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण पद्धतीचा गाभा वेगळा आहे. रेघ मारण्याआधी कशावर काय अवलंबून आहे ते पक्कं करायचं, म्हणजे एक माप बदललं की बाकीची मापं आपोआप बदलतात. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी वास्तुकार गौडीने छताला दोऱ्या टांगल्या आणि त्यांना छर्‍यांच्या पिशव्या लावल्या. एक पिशवी जड केली की सगळ्या कमानींचा आकार नव्याने ठरायचा. तेव्हा संगणक नव्हता. वास्तुतज्ज्ञ ख्रिस्तोफर अलेक्झांडरने मात्र संगणक वापरला. गुजरातमधल्या एका खेड्याच्या 141 गरजा मांडून कुठली गरज कुठलीत गुंतली आहे ते त्याने तपासलं, आणि 1964 च्या पुस्तकात ते छापलं. पुढे त्याने संगणक बाजूला ठेवला, पण संबंध शोधणं सोडलं नाही. 1977 च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये असे 253 आकृतिबंध आहेत. यंत्र सुटलं तरी त्याचं काम अडलं नाही, हे ‘सॉफ्टवेअर येतं म्हणजे करिअर झालं’ असं मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मिरजेत तर हे समजावायला लांब जायलाच नको. इथे बनणाऱ्या तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर वाढला तसा येतो, त्याचा घेर कारागिराच्या हातात नसतो. तोंड कापलं की तबलीची रुंदी ठरते, गळा कसा जुळवायचा ते ठरतं, मग दांडी. गायकाची पट्टी कुठली, स्त्रीचा आवाज की पुरुषाचा, यावर तारेची लांबी. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं मला मुळीच म्हणायचं नाही. कारागीर एका दुपारी चाळीस पर्याय करून पाहू शकत नाही, संगणक पाहू शकतो. पण जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढताना घोडीवरचा दोरा केसभर सरकवून कान देणारा माणूस जो निर्णय घेतो, तो पर्याय वाढले म्हणून टळत नाही. उलट चाळिसांतला एक निवडायची जबाबदारी वाढते.

आता ‘मिरजेत काय उपयोग’ याकडे येऊ. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. 2021 ला पुन्हा पूर आला. अशा वेळी मिरजेच्या कृष्णाघाटाकडचा घरमालक विचारतो, ‘जोतं अजून किती उचलायचं?’ दोन फुटांचं जोतं पाच फूट केलं, तर सहा इंचाच्या चार पायऱ्यांच्या दहा होतात. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा असेल, तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे चोवीस फुटांचा साठ फूट. एवढा रॅम्प सरळ बसत नाही, तो वळवावा लागतो, वळणावर सपाट जागा लागते, मग गाडीची जागा जाते. भराव वाढतो, खर्च वाढतो, आणि भरावामुळे अडलेलं पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरतं. घर खांबांवर उचललं तर पाण्याला वाट राहते, पण म्हातारी माणसं वर अडकतात. हातानं हे दोनदा काढलं की तिसऱ्यांदा काढायचा धीर राहत नाही आणि ‘तीन फूट करून टाका’ असं ठरतं. संबंध एकदा बांधून ठेवले, तर फुटाफुटाचा परिणाम घरमालकासमोर बसून दाखवता येतो. अशा कामाला वळणदार काच लागत नाही. ते दुबईपेक्षा इथे जास्त आहे आणि त्यावर एखाद्याचा सबंध व्यवसाय उभा राहू शकतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर देत नाही. टेप देतो आणि घाटाकडच्या दहा घरांत पाठवतो: पुराची खूण जमिनीपासून किती उंच, उंबरा किती उंच, आणि त्या रात्री घरातलं कोण कुठून बाहेर पडलं, हे विचारून लिहून आण.